काळ्या मोरीची पाळी

एका राज्यात एके दिवशी वारा असा पडला होता, की तळ्यावर गळून पडलेलं पिंपळपान सकाळी जिथं होतं, दुपार कलली तरी ते तिथंच होतं. आभाळ घासलेल्या परातीसारखं तापलं होतं. चिमण्या चोची उघड्या टाकून वळचणीला बसल्या होत्या, आणि म्हशी डबक्यातून नाकपुड्या तेवढ्या वर ठेवून होत्या. अशा दिवशी माणसाचं डोकं लवकर तापतं आणि मन लवकर फिरतं. इनासचं मन त्याच दिवशी फिरलं.

इनास कोण, तर त्या राज्यातला एक साधा माणूस. भाताची दोन खाचरं, एक गाय, बायको कातरीन आणि शेजारी मान्वेल, एवढा त्याचा संसार. शेजाऱ्याला संसारात का धरलं, ते पुढं कळेल. घाई नाही.

त्या राज्याची रीत अशी होती. डोंगरावर राजाचं घर, घराच्या पायाशी तळं, तळ्याच्या बांधाला मोऱ्या. मोरीतून पाट निघे आणि पाटानं पाणी शेतोशेती फिरे. पाणी राजाचं, पण मिळायचं सगळ्यांना सारखं. ज्याची पाळी त्यानं भिजवायचं, आपलं भिजलं की पुढच्याला सोडायचं. सोडणाऱ्यानं हाक द्यायची, "सोडलं!" खालच्यानं ओ द्यायची, "पोचलं!" ओ आल्याशिवाय वरच्यानं जागचं हलायचं नाही. आणि पाळी कुणी कुणाला फुकट देत नसे. पाळी बदलायची, तू माझी घे, मी तुझी घेतो. तोंडानं एकदा बोललं की झालं. बदललेली पाळी राजासुद्धा मोडत नसे.

मान्वेल वरच्या अंगाला, इनास खालच्या. मान्वेल असा बोलका, की घडवणाऱ्यानं मडकं घडवलं आणि झाकण करायला विसरला, असं गाव म्हणे. त्याची हाक कधी नुसती नसायची. "सोडलं रे इनास! ऊठ, म्हैस उठली, तू कधी उठणार?" नाहीतर, "सोडलं रे! पुरलं नाही तर घाम गाळ, तेवढंच खत." इनास हसून "पोचलं" म्हणे. काही दिवस मनापासून हसे, काही दिवस दात दाखवण्यापुरता.

दिवस कलला की राजा बांधावर फिरायला येई. डोक्यावर छत्र नाही, मागं चवरी नाही. चार पावलं मागून एक जण तेवढा फावडं खांद्यावर टाकून चाले, आणि खेकड्यांनी पाडलेली बांधाची बिळं चिखलानं बुजवी. लोक त्याला राजाचा गडी समजत. राजा प्रत्येक शेतापाशी थांबे आणि नाव घेऊन हाक मारी, "इनास, कुठं आहेस?" इनास म्हणे, "इथं आहे, महाराज." मग गायीची विचारपूस होई, पिकाची होई. राजाशी बोललं की माणसाला रात्री झोप चांगली लागे.

राजाची आज्ञा एकच होती. मोऱ्या साऱ्या तुमच्या, उत्तरेची काळी मोरी तेवढी उघडायची नाही. "का, ते विचारलंत तर सांगेन," राजानं सांगून ठेवलं होतं. "उघडलीत तर कळेल." विचारायला कुणी गेलं नाही. काळी मोरी मान्वेलच्या शेताला लागून होती. मान्वेल तिच्यावर फार तर टोपी वाळत घाली.

तर त्या वारा पडलेल्या दिवशी इनास आपल्या कोरड्या पाटाशी बसला होता. रोपांच्या शेंड्या पिवळ्या पडत होत्या. पाळी मान्वेलची होती, आणि मान्वेलची हाक काही येईना. खरं तर मान्वेलचा पाट वर फुटला होता, आणि तो गळ्याइतक्या चिखलात उभा राहून पाणी अडवत होता. इनासकडं जाणारं पाणी वाया जाऊ नये, म्हणून. पण इनासला ते दिसत नव्हतं. त्याच्या मनात आलं, बसला असेल कुणाशी तरी गप्पा हाणत. तो उठला, आणि मान्वेलच्या घराकडं न जाता बांधावर चढला.

काळ्या मोरीवर एक बगळा एका पायावर उभा होता. डोळे मिटलेले, मान आत घेतलेली, मोठा तपस्वी. पक्षी त्या राज्यात बोलत, त्यात नवल काही नव्हतं.

"पाण्याच्या राज्यात राहून तहानलेला?" बगळ्यानं डोळे न उघडता विचारलं.

"पाळी मान्वेलची आहे."

"कुठल्याच मोरीला हात लावू नका, अशी राजाची आज्ञा आहे म्हणे."

"कुठल्याच असं नाही. फक्त हिला."

"हं," बगळा म्हणाला, आणि त्यानं एक डोळा उघडला. "म्हणजे जे काही आहे, ते यातच आहे."

बगळ्यानं मग घाई केली नाही. खालच्या अंगाच्या माणसानं जन्मभर खालीच राहावं, एवढ्यासाठी ही मोरी बंद आहे, असं तो हळू आवाजात सांगत गेला. आणि शेवटी म्हणाला, "ही मोरी ज्याची, त्याला कुणाच्या हाकेची वाट बघावी लागत नाही."

ते वाक्य इनासच्या काळजात बरोबर बसलं. त्यानं वाकून मोरीचा दट्ट्या धरला. वाटलं होतं जोर लागेल. एका बोटानं निघाला.

पाणी आलं ते पिवळंधमक, वितळलेल्या सोन्यासारखं. कुणाची पाळी न बघता ते थेट इनासच्या एका खाचरात उतरलं, आणि बघता बघता रोपं वाढली, पोटऱ्यात आली, निसवली. लोंबी लोंबी सोन्याची. कातरीन धावत आली आणि कपाळाला हात लावून उभी राहिली. दोघांनी कापणी केली, मळणी केली, कणग्या भरल्या. मग इनासनं एक दाणा चावून पाहिला, तर त्याचा दात तुटला. चिमण्यांनी येऊन टिपले, तर चोची मोडल्या. खाचरातलं उरलेलं पीक तसंच उभं राहिलं. ते पिवळं होतं, आणि त्यात जीव नव्हता.

आणि तिकडं पाटातून म्हशीनं तोंड वर काढलं आणि पाणी थुंकून टाकलं. राज्यातलं सारं पाणी कडू झालं होतं. मग विहिरी कडू झाल्या. मग गायींचं दूध कडू झालं, आईचंसुद्धा. हात एकाचा, तोंडं साऱ्यांची.

त्या काळ्या मोरीमागं काय होतं, ते आता सांगायला हरकत नाही. फार पूर्वी राजाचा एक सरदार उलटला होता. जादू शिकला होता, आणि राजाच्या पाण्यावर आपलं नाव लावायला निघाला होता. राजानं त्याला त्याच्या सोन्यासकट आणि त्याच्या विषासकट तिथं कोंडलं होतं. त्याचा जीव तेवढा बगळा होऊन बाहेर राहिला होता. आपण होऊन मोरी उघडायची त्याला ताकद नव्हती. त्याला माणसाचं बोट लागत होतं.

संध्याकाळी राजा आला. त्याची पावलं ऐकून इनास उभ्या पिकात शिरला आणि उकिडवा बसला. पण पीक सोन्याचं. त्याचे हातपाय कापत होते, तशा लोंब्या एकमेकींवर आपटून किणकिणत होत्या. साऱ्या गावाला ऐकू जात होतं, आणि इनासला वाटत होतं की आपण लपलो आहोत.

"इनास, कुठं आहेस?"

"इथं... पीक बघत होतो, महाराज."

"काळी मोरी कुणी उघडली?"

राजाला ठाऊक नव्हतं, असं कुणी समजू नये. तो माहितीसाठी विचारत नव्हता. परत यायला वाट राहावी, म्हणून विचारत होता. एवढं गाव जमलेलं, मान्वेल चिखलानं माखलेला, बाजूला उभा. इनास म्हणाला, "महाराज, मी तर खालच्या अंगाचा माणूस. मोरी मान्वेलच्या शेताला लागून आहे."

शब्दन् शब्द खरा होता. आणि सगळं मिळून खोटं होतं.

त्या राज्यात खोटा शब्द हवेत विरत नसे. कुणावर तरी जाऊन बसे. मान्वेलनं बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच्या जिभेचा दगड झाला. तो बोलका माणूस तोंड उघडं टाकून उभा राहिला, आणि नुसता श्वास येत-जात राहिला. लोकांना वाटलं, चोराची वाचा बसली.

राजा इनासकडं वळला. मग म्हणाला, "शिक्षा मी सांगत नाही. मोरी उघडली, तेव्हाच ती पाटाला लागली." आणि तो माघारी गेला. त्या दिवसापासून संध्याकाळी बांधावर कुणी येईना, आणि कुणी कुणाला नाव घेऊन हाक मारीना.

*

असे दिवस गेले. मान्वेलच्या घरचा विस्तव कुणी घेईना, त्याच्या ओट्यावरून कुणी जाईना. पोरं त्याच्या पाटात दगड टाकत. तो ते मुकाट काढी आणि पाणी वाहतं करी. पाणी कडू असलं तरी पाळी चुकवायची नाही, असा त्याचा नेम. आपलं भिजलं की तो इनासकडं सोडी. हाक देता येत नव्हती, म्हणून फावडं दगडावर आपटी. टण्ण.

आणि मग उभा राही, ओची वाट बघत.

इनासच्या तोंडून "पोचलं" निघत नसे. तो खाकरे. खाकरणं ऐकलं की मान्वेल निघून जाई.

एकदा असाच टण्ण आवाज झाला, इनास खाकरला, आणि कातरीन चुलीपुढून उठून आली. दाणे घरात आले तेव्हाच तिला सारं कळलं होतं, आणि तिनंही तोंड शिवून घेतलं होतं. ती म्हणाली, "त्या माणसानं तुला रोज हाक मारायची, आणि तू रोज खोकायचं. असंच मरायचं का आपण?"

इनासनं भाकरीचा तुकडा ताटात ठेवला, हात धुतला, मुंडासं बांधलं आणि निघाला. बाहेर वासरू गायीपासून लांब उभं होतं, उपाशी, आणि तरी दूध पीत नव्हतं. इनासनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्या घटकेपासून त्याचं मन पुन्हा फिरलं नाही. भ्यालं पुष्कळ, फिरलं नाही.

बांधावर टिटवी होती. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते, तिला लपवायला घरटंच नाही; म्हणून ती खोटं बोलत नाही. इनासनं तिला विचारलं, हे सारं निस्तरायचं कसं.

टिटवी म्हणाली, "तीन कामं. जे घेतलंस ते परत कर. जे बोललास ते परत घे. जे उघडलंस ते बंद कर."

"करीन."

"तिसरं तुझ्यानं होणार नाही."

"मग?"

"तरी जा," टिटवी म्हणाली.

पहिलं काम सोपं वाटलं. कणगीतलं आणि खाचरात उभं असलेलं सोनं टोपलीत भरायचं आणि काळ्या मोरीत टाकायचं. पण टोपली पावलागणिक जड होई. उंबऱ्यात असताना दाण्याएवढी, बांधावर धोंड्याएवढी. इनास गुडघ्यांवर आला, तरी त्यानं टोपली खाली ठेवली नाही. खाली ठेवली की दाणे घराकडं गडगडत परत जात. कणग्या रिकाम्या झाल्या, तरी टिटवी म्हणे, "अजून आहे." कातरीननं देव्हाऱ्यामागून, फडक्यात गुंडाळलेली एक लोंबी आणून दिली, मान खाली घालून. तरी टिटवी म्हणाली, "अजून आहे." इनासनं घर झाडलं, खळं झाडलं. शेवटी दमून बसला, तेव्हा त्याला कळलं की आपण लंगडतो आहोत. मळणीच्या वेळी एक दाणा टाचेत शिरला होता आणि वर कातडी धरली होती. बाभळीचा काटा घेऊन त्यानं तो उकरून काढला. रक्त आलं. दाणा मोरीत टाकला, तेव्हा पाण्यातून दूर कुठंतरी कुणी दात खाल्ल्यासारखा आवाज आला. टाच मात्र कायमची गेली.

दुसऱ्या कामाला तो चावडीपुढची घंटा वाजवून उभा राहिला. लोक जमले. मान्वेल आला आणि कडेला, एकटा उभा राहिला. इनास म्हणाला, "मंडळी, त्या दिवशी एक चूक झाली."

टिटवी घंटेच्या आडव्या लाकडावर बसली होती. "झाली? आपोआप? पावसाळ्यात कुत्र्याची छत्री उगवते तशी?"

लोक हसले. इनासनं घाम पुसला. "माझ्याकडून काळी मोरी उघडली गेली."

"गेली म्हणतोस. ती काय पायांनी गेली?"

इनासनं पुष्कळ वाटांनी करून पाहिलं. बगळ्याचं नाव घेतलं, उन्हाचं नाव घेतलं, पिवळ्या रोपांचं घेतलं. टिटवी दर वेळी मान हलवी. लोक कंटाळून निघायला लागले. शेवटी इनासनं मुंडासं काढून जमिनीवर ठेवलं आणि मान्वेलकडं तोंड केलं.

"मी उघडली," तो म्हणाला. "आणि तुझ्यावर घातली. मी."

मग एक म्हातारी पुढं आली. तिच्या नातवानं कडू दूध सोडलं होतं आणि तो काडीसारखा झाला होता. ती म्हणाली, "मी या मान्वेलच्या अंगणात रोज राख फेकली रे. आता ती राख कुणाच्या डोक्यात घालू?" कुणीतरी ढेकूळ मारलं. ते इनासच्या खांद्याला लागलं. त्यानं ते सोसलं, आणि मान्वेलच्या तोंडाकडं बघत राहिला. त्याला वाटलं होतं, आता जीभ सुटेल.

मान्वेलनं तोंड उघडलं, मिटलं. मग तो वळला आणि घरी गेला.

"सुटली नाही," इनास म्हणाला.

"शब्द तू परत घेतलास," टिटवी म्हणाली. "त्याचं विष अजून वाहतंय. ते मोरीतून येतं."

तिसऱ्या कामाच्या दिवशी सकाळी कातरीननं फडक्यात भाकरी बांधली. काळ्या मोरीचा दट्ट्या बाहेरून ओढायला बोट पुरतं. बसवायचा तर पाण्याच्या अंगानं आत शिरून, छाती लावून बसवावा लागतो. आणि बसवणारा आतच राहतो. टिटवीनं सांगितल्यापासून हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही भाकरीबद्दलच बोलली. कांदा ठेवलाय, ती म्हणाली. बरं केलंस, तो म्हणाला.

बांधावर एक गडी फावडं टेकून बसला होता. अंगावर गुडघ्याएवढं धोतर, पोटऱ्यांना चिखल. इनासनं ओळखलं, हा राजाच्या मागून बिळं बुजवत चालणारा. कितीतरी दिवसांनी दिसला. इनासनं अर्धी भाकरी त्याच्यापुढं केली. तो निवांत जेवला, कांद्यासकट.

"आज पाळी कुणाची?" गड्यानं विचारलं.

"माझी. आत जायची."

"मला दे."

"पाळी देत नाहीत. बदलतात," इनास म्हणाला. "आणि ही बदलायची नाही. मी उघडली, मीच बंद करणार."

इनास दट्ट्या छातीशी धरून पाण्यात उतरला. पाण्यानं त्याला चेंडूसारखा बाहेर फेकला. तो परत उतरला. बगळा वर घिरट्या घालत हसत होता. ज्यानं उघडली त्याच्याच हातानं बंद होत असती, तर मी कशाला उघडवली असती, असं विचारत होता. दुसऱ्यांदा इनासच्या बरगड्या दगडाला घासल्या. तिसऱ्यांदा तो मोरीच्या तोंडापर्यंत पोचला, आणि आतल्या अंधारात त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, मोरी मान्वेलच्या शेताला लागून आहे, मोरी मान्वेलच्या शेताला लागून आहे. त्याचे हात सुटले. तो बुडाला.

कुणीतरी त्याला दंडाला धरून काठावर ओढलं. तो गडी होता. त्यानं इनासच्या हातातला दट्ट्या घेतला.

"बदलू या," तो म्हणाला. "तुझी पाळी मी घेतो. माझी तू घे."

"तुझी कसली पाळी?"

"संध्याकाळी बापाबरोबर बांधावर चालायची."

इनासला अर्थ लागला नाही. पोटात पाणी, डोळ्यांत पाणी. पण अंगात त्राण उरलं नव्हतं, आणि त्या माणसाच्या बोलण्यात असं काही होतं, की नाही म्हणवेना. "घेतली," तो म्हणाला. रीत अशी, की तोंडानं बोललं की झालं.

गडी पाण्यात उतरला. पाण्यानं त्यालाही मारलं, त्याचे तळवे दगडांनी फाटले, पाणी लाल झालं. पण तो मागं आला नाही. बगळा किंचाळत खाली झेपावला आणि त्याच्या मागोमाग मोरीत शिरला, आणि दट्ट्या बसला तो बगळ्याच्या मानेवरच. धप्प असा आवाज झाला. पांढरी पिसं वर आली, आणि वरच्या वर काळी पडून विरली.

मग पाणी थांबलं. सारे पाट थांबले. राज्यात एवढी शांतता झाली, की वासराचा श्वास ऐकू यावा. आत गेलेला बाहेर आला नाही.

इनास दिवसभर तिथंच बसून राहिला. दिवस कलला, आणि बांधावर पावलं वाजली.

"इनास, कुठं आहेस?"

लपायला जागा पुष्कळ होती. इनास उभा राहिला. "इथं आहे, महाराज. काळ्या मोरीपाशी. मी उघडली."

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "आणि बंद माझ्या मुलानं केली."

इनासनं राजाच्या मागं पाहिलं. चार पावलांवर कुणी नव्हतं. तेव्हा त्याला सारं उमजलं, आणि तो जमिनीवर बसला तो उठेना. राजाही त्याच्याशेजारी, मातीत बसला. फावडं पडलं होतं त्याच्या दांड्यावरून राजानं हात फिरवला. मग तो म्हणाला, "त्यानं तुझ्याशी पाळी बदलली ना? मग ऊठ. तुला माझ्याबरोबर चालायचं आहे."

आणि इनास चालला. राजाच्या मागून नाही, बरोबरीनं, लंगडत, गावासमोरून, जिथं त्याला ढेकूळ लागलं होतं तिथूनसुद्धा. लोक बघत होते. त्या चालण्याइतकं जड ओझं इनासनं सोन्याच्या टोपलीतही उचललं नव्हतं. मान वर करायची त्याला लाज वाटत होती, आणि राजा दर शेतापाशी थांबून त्याला पिकाचं विचारत होता.

तिसऱ्या पहाटे टिटवीनं सारं राज्य उठवलं. पूर्वेच्या मोरीतून गोडं पाणी खळाळत येत होतं, आणि पाण्याबरोबर राजाचा मुलगा चालत येत होता. कोंडलेलं विष संपलं होतं, मोरी बुजवणारा संपला नव्हता. तळव्यांवर दगडांच्या खुणा होत्या. त्यानं ओंजळ भरून पहिलं पाणी त्या म्हातारीच्या नातवाला पाजलं. पोरानं ओठ चाटले आणि अजून मागितलं. मग तो मान्वेलच्या बांधापाशी थांबला. दोघांत काय झालं, ते कुणी ऐकलं नाही. तळवे दाखवले म्हणतात. मान्वेलनं ते हातात घेतले म्हणतात.

थोड्या वेळात मान्वेलचा आवाज साऱ्या रानात गेला. तो म्हशीला शिव्या देत होता. मग रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून त्यानं पागोट्याची थट्टा केली. मग म्हातारीला म्हणाला, आजी, राख फार टाकलीस, भोपळे छान येतील. लोक हसत होते, रडत होते.

खालच्या अंगाला इनास आपल्या कोरड्या पाटाशी फावडं घेऊन बसला होता. जिथं सोनं उगवलं होतं, त्या खाचरात आता काही उगवणार नव्हतं. ती माती जळाली होती, ती तशीच राहायची होती; पाणी हवं होतं ते दुसऱ्या खाचराला. टाच दुखत होती. शेजाऱ्याचं सारं बोलणं त्याला ऐकू येत होतं. मान्वेल सगळ्यांशी बोलत होता, त्याच्याशी नाही. ते बरोबरच आहे, इनासनं मनाला सांगितलं. शाप राजाच्या मुलानं तोडला. पण पाणी सोडायचं की नाही, हे वरच्या अंगाच्या माणसाच्या हाती. ते कुणी कुणाकडून करून घेऊ शकत नाही. तरी तो उठला नाही. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. कातरीन भाकरी घेऊन आली, आणि तीही बसून राहिली.

वरची बडबड थांबली. फावड्याचा आवाज झाला, दगडावरचा नाही, मातीतला. पाटात एक ओली रेघ दिसली, धुळीचे कण पुढं ढकलत ती हळूहळू खाली येऊ लागली. इनासनं तीत बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. गोड होती. त्यानं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले. ओ द्यायची होती, पण हाकेआधी ओ देत नाहीत.

तेव्हा कुडापलीकडून मान्वेल म्हणाला, "सोडलं रे, इनास. सगळं सोडलं. आता रडत काय बसलास, फावडं उचल, पाणी वाया चाललंय."